फोनमधून नेमकं जातं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मोबाईलवरच्या खरेदी-विक्रीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की मनात काही असेल तर मोकळेपणाने विचारा. इतके प्रश्न आले की सगळे इथे मावणं शक्य नाही, म्हणून एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं कोणाचीच देत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी स्वतःच्या पैशांचं काहीतरी विश्वासाने सांगितलंय.

प्रश्न: ताई, आमच्या घरात वाद चाललाय. मुलगा म्हणतो मोबाईल कॉमर्स वगैरे वेगळं काही नसतं, कॉम्प्युटरवरची खरेदी लहान स्क्रीनवर आली एवढंच. मला ते पटत नाही पण मुद्देसूद सांगताही येत नाही. कोण बरोबर?

तुम्ही. मुलाला तसं वाटणं साहजिक आहे कारण त्याने ॲपवाला काळच पाहिलाय, पण मोबाईलवरचा व्यवहार कॉम्प्युटरवरून खाली उतरलेलाच नाही, तो एसएमएसमधून वर आलाय. १९९७ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी भागात कोका-कोलाची दोन मशीन बसवली होती, त्यांचे पैसे एसएमएस पाठवून देता यायचे. त्याच वर्षी तिथल्या मेरिटा बँकेने एसएमएसवर बँकिंग सुरू केलं आणि पुढच्या वर्षी तिथेच रिंगटोन विकायला लागले. यातल्या एकाही गोष्टीला वेबसाईट लागत नव्हती, फोनच्या स्क्रीनवर जेमतेम दोन-चार ओळी दिसायच्या.

मग फेब्रुवारी १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो या फोन कंपनीने आय-मोड नावाची, फोनवरच इंटरनेट देणारी सेवा आणली. त्यात हुशारी फोनची कमी आणि बिलाची जास्त होती. छोट्या छोट्या सेवा घ्यायच्या, त्यांचे पैसे थेट फोनच्या बिलात लागायचे, कंपनी त्यातले ९ टक्के ठेवून बाकीचे सेवा देणाऱ्याला द्यायची. कार्डाचा नंबर टाका, पत्ता टाका अशी कुठलीच भानगड नाही, कारण तुम्ही कोण हे फोन कंपनीला आधीच माहीत होतं. मला वाटतं खरा फरक इथेच आहे बघा. कॉम्प्युटरला तुम्ही कोण ते दरवेळी सांगावं लागतं, फोन मात्र सिमकार्डामुळे तुमच्या नावाने आधीच बांधलेला असतो, चोवीस तास जवळ असतो आणि तुम्ही कुठे आहात तेही त्याला कळतं.

पण तुमच्या मुलाला एकच उदाहरण सांगायचं असेल तर केनियाचं सांगा. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या फोन कंपनीने तिथे एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली. साधे बटणांचे फोन, इंटरनेट नाही, सिमकार्डातच एक छोटा मेनू. शहरात कमावणाऱ्या माणसाने गल्लीतल्या एजंटकडे रोख द्यायची, ती त्याच्या खात्यात आकड्याच्या रूपाने जमा व्हायची, तो आकडा त्याने गावाकडे पाठवायचा आणि तिकडे घरच्यांनी त्यांच्या जवळच्या एजंटकडून रोख घ्यायची. बँकेची शाखा लांब, एजंट मात्र जवळ. लोक तर आधीपासूनच फोनचा टॉकटाईम एकमेकांना पाठवून त्यालाच पैशासारखं वापरत होते, म्हणजे गरज समोर उभीच होती, एम-पेसाने तिला फक्त वाट करून दिली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला की यामुळे केनियातली सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे तिथल्या घरांपैकी २ टक्के, गरिबीतून वर आली. यातल्या बहुतेक घरांमध्ये कॉम्प्युटर कधी आलाच नसणार, मग कॉम्प्युटरवरची खरेदी लहान स्क्रीनवर आली असं कसं म्हणायचं?

आयफोन, जुलै २००८ चं ५०० ॲप्सवालं ॲप स्टोअर, त्यानंतरचा पसारा हे सगळं मुलाला माहीतच असणार, त्यामुळे ते इथे लिहीत नाही.

प्रश्न: मशीनजवळ फोन धरला की टिंग वाजतं आणि पैसे जातात. त्या एका सेकंदात नक्की काय होतं? हवेतून माझा कार्ड नंबर कोणी पकडू शकतो का? हीच भीती असल्यामुळे मी अजून खिशातलं कार्डच वापरतो.

हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन आणि मशीन ज्या लहरींवर बोलतात त्याला एनएफसी म्हणतात, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि जेमतेम चार सेंटीमीटरवरून काम करतं. म्हणून तर फोन अगदी टेकवल्यासारखा धरावा लागतो. आता त्या सेकंदात काय काय होतं ते बघा. तुम्ही कार्ड फोनमध्ये घालता तेव्हा तुमचा खरा नंबर फोनमध्ये साठवलाच जात नाही. कार्डाचं नेटवर्क (व्हिसा, रुपे वगैरे) आणि बँक मिळून त्याच्या जागी दुसराच एक नंबर देतात, त्याला टोकन म्हणतात. सामान ठेवायच्या काउंटरवर बॅग दिली की बिल्ला मिळतो ना, तसंच. बिल्ला दुसऱ्याच्या हातात पडला तरी त्यावरून बॅगेत काय आहे ते कळत नाही. आणि हा बिल्ला तर त्याही पुढचा, कारण तो फक्त तुमच्याच फोनवरून चालतो.

टेकवल्यावर फोन आधी तुमचं बोट, चेहरा किंवा पिन मागतो. ते पटलं की आतली एक सुरक्षित यंत्रणा त्या एकाच व्यवहारापुरता एक कोड तयार करते. मशीनकडे जातात ते फक्त टोकन आणि हा कोड. मशीन ते दुकानदाराच्या बँकेकडे पाठवतं, तिथून ते कार्डाच्या नेटवर्ककडे जातं, तिथे टोकनवरून खरं कार्ड ओळखलं जातं, कोड तपासला जातो, तुमची बँक शिल्लक बघून हो म्हणते, आणि तो होकार त्याच वाटेने मशीनपर्यंत परत आला की सगळं मिळून टिंग! मध्ये कोणी ऐकलंच तरी त्याच्या हाती वापरून झालेला कोड लागणार, तो पुन्हा चालत नाही. खिशातल्या कार्डावर तुमचा खरा नंबर समोरच छापलेला असतो आणि तो कोणीही नजरेने वाचू शकतो, त्यामुळे या बाबतीत फोन कार्डापेक्षा भक्कम आहे, भीती सोडा.

म्हणजे फोनमधून पैसे जातच नाहीत हो, जाते ती परवानगी. पैसे बँकेतच असतात आणि बँकेतल्या बँकेत हलतात, फोन फक्त तुमचा होकार पोचवतो. यंत्रणा फोडून घुसणं इतकं अवघड करून ठेवलंय की लुबाडणारे बहुतेक वेळा तिच्या नादी लागत नाहीत, ते तुमच्याकडूनच होकार काढून घेतात.

प्रश्न: मग क्यूआर कोड पण असाच चालतो का?

नाही, त्याचं काम अगदी वेगळं आहे. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने काढला, तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला, पैशांचा त्यात काही संबंधच नव्हता. पेटंट हातात असूनही कंपनीने ते कोणावर लादलं नाही म्हणून तो जगभर पसरला. काउंटरवर चिकटवलेला कोड म्हणजे फक्त विक्रेत्याचा पत्ता असतो, पैसे कोणाकडे पाठवायचे ते सांगणारा. तुमचा फोन कॅमेऱ्याने तो वाचतो आणि पुढचं सगळं स्वतःच्या इंटरनेटवरून करतो. विक्रेत्याला मशीन लागत नाही, एक छापलेला कागद पुरतो. चीनमध्ये अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची ॲप्स, भारतात २०१६ मध्ये आलेलं यूपीआय, हे अगदी छोट्या विक्रेत्यापर्यंत पोचले ते बऱ्याच अंशी या कागदामुळे.

कोडाची अजून एक गंमत म्हणजे तो अशा पद्धतीने बनवता येतो की ३० टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येतो, म्हणून फाटका मळका कोडही चालतो. पण कागदावर दुसरा कागद चिकटवणं कोणालाही जमतं, आणि कोड बघून आपल्या डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून स्कॅन केल्यावर नाव येतं ते वाचायचं, जमलं तर समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

प्रश्न: फोन हरवला तर खात्यातले पैसे गेले का?

नाही. पण फोन लॉक करायच्या नादात लोक सिम विसरतात, ते करू नका. फोन कंपनीला सांगून सिम लगेच बंद करा, कारण ओटीपी त्या नंबरवर येतो आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर तो चोराला दिसतो. त्यानंतर बँकेला कळवा आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून आपला फोन लॉक करा. सिमलाही स्वतःचा पिन लावता येतो, सेटिंगमध्ये असतो, तो आजच लावून ठेवा.

प्रश्न: खात्यातून पैसे कापले गेले पण ऑर्डर काही झालीच नाही. असं दोनदा झालं. ॲपवाले म्हणतात बँकेला विचारा, बँक म्हणते ॲपला विचारा. हे असं का होतं आणि अशा वेळी माणसाने करायचं काय?

तुमची चिडचिड मला अगदी कळते कारण गेल्या वर्षी मी स्वतः यातून गेलेय. स्टेशनवर उभी राहून एका ॲपवर तिकीट काढत होते, नेटवर्क धड नव्हतं, पेमेंट केलं आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. वीस सेकंद झाली, तीस झाली, गाडीची वेळ होत आली, मग मी बॅक दाबलं आणि पुन्हा सगळं भरून पुन्हा पेमेंट केलं. लगेच तिकीट आलं. आणि गाडीत बसल्यावर बँकेचे दोन मेसेज लागोपाठ आले, दोन्ही कापल्याचे. पहिले पैसे परत यायला सहा दिवस लागले आणि ते सहा दिवस जीव टांगणीला.

का होतं ते सांगते. तुम्ही पैसे द्या म्हटलं की ॲप, मधला पेमेंट गेटवे (म्हणजे ॲप आणि बँकांना जोडणारी कंपनी), तुमची बँक, विक्रेत्याची बँक असे किमान चार जण एका रांगेत निरोप पुढे देतात आणि तेवढेच जण उत्तर मागे देतात. तुमच्या बँकेने पैसे बाजूला काढले आणि झालं म्हणून निरोप पाठवला, तो जर वाटेत अडकला तर ॲपला काहीच कळत नाही. पैसे आले असंही त्याला म्हणता येत नाही आणि नाही आले असंही. याला पेंडिंग म्हणतात. नंतर बँका आपापले हिशेब एकमेकांशी ताडून बघतात तेव्हा हा लटकलेला व्यवहार सापडतो आणि पैसे परत फिरतात, पण त्याला वेळ जातो.

चांगलं बनवलेलं ॲप प्रत्येक ऑर्डरला एक खूण देतं, म्हणजे तीच ऑर्डर चुकून दोनदा गेली तरी समोरच्याला कळतं की ही एकच आहे. पण मी केलं तसं मागे जाऊन सगळं नव्याने भरलं की खूणही नवी बनते, मग यंत्रणेच्या दृष्टीने ती दुसरी, खरीखुरी खरेदीच असते.

म्हणून चक्र फिरत असेल तर मागे जाऊ नका. ॲप काय म्हणतंय ते सोडा, आधी बँकेच्या खात्यात बघा पैसे गेलेत का, आणि गेले असतील तर व्यवहाराचा नंबर लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा. तो नंबर हातात असला की टोलवाटोलवी बरीच कमी होते कारण त्यावरून निरोप कुठे अडकला ते दिसतं. तक्रार दोन्हीकडे लेखी करा, नुसता फोन करून सोडू नका. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, अगदी हात जोडून सांगते. खोटे नंबर तिथे पेरून ठेवलेले असतात आणि पैसे अडकल्याने घाबरलेल्या माणसासाठीच पेरलेले असतात. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतून किंवा कार्डाच्या मागून.

प्रश्न: मी घरी कापडी पिशव्या शिवते. एकाने सांगितलं स्वतःचं ॲप काढ, त्याशिवाय धंदा वाढत नाही, पण ॲप स्टोअरवाले ३० टक्के घेतात असंही ऐकलं. काय करू?

ॲप सध्या नको. आधी त्या ३० टक्क्यांचं सांगते कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ते कमिशन ॲपच्या आत विकल्या जाणाऱ्या डिजिटल गोष्टींवर असतं, म्हणजे गेममधली नाणी, सबस्क्रिप्शन वगैरे, आणि ॲपलने २०२१ पासून छोट्या विक्रेत्यांसाठी ते १५ टक्के केलंय. तुमची पिशवी हातात धरता येणारी वस्तू आहे, तिच्यावर ते लागत नाही.

ॲप नको म्हणते त्याचं कारण वेगळंच आहे. एक पिशवी घ्यायला कोणी ॲप उतरवून घेत नाही. ॲप चालतं तिथे, जिथे माणूस पुन्हा पुन्हा येतो. तुम्हाला हवं ते फोनवर पटकन उघडणारं एक साधं पान, पिशवीचे उजेडात काढलेले फोटो, हातात धरलेला एक फोटो म्हणजे आकार कळेल, आणि पैसे द्यायची सोपी सोय. ते पान तुमच्या स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, एका हाताने उघडून बघा. नाव, पत्ता, फोन याच्यापलीकडे एकही रकाना ठेवू नका, अंगठ्याने टाईप करायचा कंटाळा आला की माणूस निघून जातो. आधी खातं उघडा आणि मगच विकत घ्या अशी अट तर बिलकुल नको. आणि पिशवी परत कशी करायची ते पैसे द्यायच्या बटणाच्या आधी लिहा, नंतर नाही. घेणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं, विश्वास ठेवायला त्याच्याकडे तेवढंच असतं.

प्रश्न: 'फक्त २ शिल्लक', '९ मिनिटांत ऑफर संपणार' असं दिसलं की मी घेऊनच टाकते आणि मग पस्तावते. हे आकडे खरे असतात का?

कधी खरे, कधी नाही. तपासायची एक सोपी रीत आहे. घड्याळ शून्यावर जाऊ द्या, मग पान बंद करून पुन्हा उघडा, घड्याळ परत ९ मिनिटांपासून सुरू झालं तर उत्तर मिळालं.

आणि तुमचं मन दुबळं आहे असं अजिबात समजू नका. बटण कुठे ठेवायचं, कुठल्या रंगाचं ठेवायचं, 'नको' हा पर्याय किती बारीक अक्षरात लिहायचा यावर तिकडे पगारी माणसं दिवसभर विचार करतात आणि तुम्ही इकडे दमून भागून रात्री अंथरुणात फोन हातात घेता. लढाई बरोबरीची नाही. म्हणून तुम्ही दोन गोष्टी करा. खरेदीच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद करा, डिलिव्हरीचे निरोप मेसेजनेही येतात. आणि कार्ड सेव्ह करून ठेवलं असेल तर काढून टाका. दरवेळी उठून पाकिटातून कार्ड आणावं लागलं की निम्म्या खरेद्या तिथेच गळतात, हे अनुभवाने सांगते. टोकनमुळे कार्ड सेव्ह करणं सुरक्षित असेलही, पण तुमचा प्रश्न चोराचा नाही, घाईचा आहे.

परवानग्यांचंही बघून घ्या. कपडे विकणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? आयफोनवर एप्रिल २०२१ पासून एका ॲपला दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये तुमचा माग काढायचा असेल तर विचारावं लागतं, तिथे नाही म्हणा, ॲप तरीही चालतं.

प्रश्न: माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांना फोनवरून पैसे द्यायला शिकायचंय पण आम्ही भाऊ-बहीण घाबरतो, कोणीतरी फसवेल. त्यांना नको म्हटलं की ते गप्प बसतात आणि ते बघवत नाही. काय करावं?

शिकवा त्यांना. या सगळ्या पत्रांमध्ये मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, गप्प बसतात ते. आयुष्यभर घराचे हिशेब सांभाळलेल्या माणसाला साधं बिल भरायला मुलाची वाट बघावी लागणं फार जड जातं हो.

सोय अशी करा. त्यांच्यासाठी वेगळं छोटं खातं उघडा, त्यात महिन्याला लागेल तेवढीच रक्कम ठेवा आणि फोन फक्त त्याच खात्याला जोडा. मुख्य बचतीचा फोनशी संबंधच नको. ॲपमध्ये दिवसाची मर्यादा लावता येते, तीही लावा. मग काही चुकलं तरी चूक लहान राहील, आणि चुका होणारच, तुमच्याही होतात.

नियम एकच सांगा पण तो पाठ करून घ्या, की पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे येणार आहेत, बक्षीस लागलंय, रिफंड आहे, पिन टाका असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा, भले तो बँकेतून बोलतोय म्हणू दे. आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवरचं नाव आणि रक्कम वाचायची. युरोपात तर २०१९ पासून नियमच लागू आहे की ऑनलाईन पैसे देताना रक्कम आणि घेणारा कोण हे दिसलं पाहिजे आणि तुमचा होकार तेवढ्यालाच बांधलेला राहिला पाहिजे, मध्ये आकडा बदलला तर तो होकार रद्द.

शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. आपण काय करतो, 'थांबा मी दाखवतो' म्हणत भराभर चार बटणं दाबतो आणि त्यांना काहीच दिसत नाही. अक्षरं मोठी करून द्या, चष्मा लावून बसू दे, बोट त्यांचंच राहू दे, तुम्ही हात मागे बांधून नुसतं शेजारी बसा. पहिला व्यवहार सगळ्यात छोट्या रकमेचा, त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात. तुमचं नाव स्क्रीनवर आलं की त्यांना ते मोठ्याने वाचायला सांगा, रक्कम वाचायला सांगा, आणि पिन ते टाकत असतील तेव्हा तुम्ही तोंड दुसरीकडे वळवा. तो पिन त्यांचा एकट्याचा आहे, तुम्हालाही माहीत नको.